ती लाल होडी तुझी नव्हती

दिगू,

फ्लेक्सवर तुझा फोटो कोपऱ्यात होता, ओळखपत्रावर असतो तेवढा. बाकी सगळी होडी. तुझ्या ‘ओहोटी’ या चित्रातली लाल होडी कापून, फुगवून दाराएवढी केलेली आणि तिच्याखाली तुझं नाव. हार घालायला वेगळा फोटो कोणी आणला नव्हता, म्हणून तो फ्लेक्सलाच अडकवलेला. झेंडूची माळ बरोबर होडीवर लोंबत होती.

मी सभागृहाच्या दारात चपला काढायला वाकलो होतो. वर पाहिलं आणि तसाच राहिलो. मागून कोणी तरी दंडाला धरून म्हणालं, “सर, सांभाळून. चला, तुमची खुर्ची वर स्टेजवर आहे.” त्यांना वाटलं मला भरून आलं. भरून आलं नव्हतं. जिन्यात एक पायरी कमी निघावी आणि पाय हवेत पडावा, तसं झालं होतं.

मग भाषणं. पहिले गृहस्थ म्हणाले, दिगंबररावांची होडी पैलतीराला लागली. दुसरेही तेच म्हणाले. तिसऱ्यांनी त्यात वल्ही आणली. तू असतास तर माझ्या कानाशी येऊन पुटपुटला असतास, “आता शीड आणतील बघ.” चौथ्यांनी खरंच शीड आणलं. मी हसलो, दिगू. तुझ्या शोकसभेत स्टेजवर बसून मी हसलो आणि हसू पुसायला रुमाल काढला, तर लोकांना तेही रडणंच वाटलं.

शेवटी अध्यक्ष उठले. म्हणाले, “आपल्या शरद सरांनीच एकदा लिहून ठेवलंय, की चित्रकाराच्या आयुष्यात अशी होडी एकदाच येते. दिगंबरला ती पुन्हा जमली नाही.” लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आणि मग त्यांनी जाहीर केलं: भाट्याच्या पुलाच्या तोंडाशी तुझं स्मारक होणार. फायबरची लाल होडी, रात्री आतून दिवे. पर्यटकांना थांबून फोटो काढता येतील.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले. घरी आल्यावर मी ते हात बराच वेळ नळाखाली धरून उभा होतो.

उतरताना समितीतल्या एका मुलीने सांगितलं, “सर, स्मरणिकेसाठी दोन पानं द्याल ना? तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?”

तर ही ती पानं. छापायची असतील तर पूर्ण छापावीत. ‘ओहोटी’मधली ती लाल होडी दिगंबरने काढलेली नाही. ती मी काढली, त्याची सही झाल्यावर, त्याला न विचारता. जी होडी त्याने काढलीच नव्हती ती त्याला पुन्हा जमली नाही, हेही मीच लिहिलं. आता पुढचं मी तुझ्याशीच बोलतो. लोकांशी बोलायला मला धीर होत नाही.

*

तू गेलास हे मला तुझ्याच फोनवरून कळलं. पडद्यावर तुझं नाव आलं तेव्हा मी म्हटलं, आला वठणीवर. सकाळीच भांडलो होतो ना आपण. मी फोन उचलला आणि “बोला” म्हणालो, तुला चिडवायला. पलीकडे अनोळखी आवाज. “हे ज्यांचा फोन आहे ते काका तुमचे कोण? लांजा स्टँडवरून बोलतोय. शेवटचा नंबर तुमचा दिसला.”

गावच्या घराची कौलं परतायची होती, पुतण्याशी बोलून तू परत निघाला होतास. स्टँडवर बाकावर बसलास. लोकांना वाटलं म्हातारा डुलकी काढतोय. रत्नागिरीची गाडी लागली, भरली, गेली. तू उठला नाहीस तेव्हा शेजारच्या माणसाने हलवलं.

तो मुलगा विचारत होता, तुमचे कोण. मी म्हणालो, “आम्ही एकत्र चित्रं काढतो.” काढतो, असंच म्हणालो. तो म्हणाला, “म्हणजे घरचं कोणी नाही का?”

आणि सकाळचं भांडण काय, तर भिंतीवरून. तुला ठाऊकच आहे, पण लिहितो. मी म्हटलं होतं, “दिग्या, ते ‘ओहोटी’ त्या भिंतीवरून काढ. समोर खिडकी आहे. जलरंग उजेडासमोर लावतो का कोणी? रंग उडेल सगळा.”

“उडूंदे. कुठला रंग आधी उडतो ते बघू.”

“तुला काही समजत नाही.”

“नाय समजत. तू एकदा दुपारचा ये, मग बोलू.”

“दुपारी मी झोपतो, तुला माहीत आहे.”

“मग झोप,” म्हणालास आणि फोन ठेवलास. एवढ्या वर्षांच्या बोलण्यातला तुझा शेवटचा शब्द माझ्या वाट्याला हा आला. झोप. त्या दिवसापासून मी दुपारी आडवा होतो आणि डोळे उघडेच राहतात.

*

आपली पहिली भेट आठवते? मी शाळेत चित्रकलेचा मास्तर, तू छापखान्यात लग्नपत्रिकांची डिझाइनं करणारा. रविवारी भाट्याच्या खाडीवर मी कागद मांडून बसलो होतो आणि पाठीमागे कोणी तरी उभं होतं. बराच वेळ. मला कोणी मागे उभं राहिलेलं खपत नाही. मी म्हटलं, “काय हवंय?” तू म्हणालास, “काय नाय. तुम्ही पाणी शेवटी काढता, ते बघत होतो.”

खरं होतं. मी आधी किनारा, माड, होड्या, माणसं काढायचो आणि जी जागा उरेल तिथे पाणी भरायचो. तू उलटा. तू आधी पाण्यात हात घालायचास. कागद मांडण्याआधी खाडीत मनगटापर्यंत हात बुडवून बसायचास, डॉक्टर नाडी बघतो तसा. मग कागद भिजवायचास आणि नुसता बघत राहायचास. मी म्हणायचो, “अरे, वाळला तो कागद.” तू म्हणायचास, “वाळू दे थोडा. अजून चमकतोय.” ती चमक जायची, पण ओल राहायची, त्या मधल्या क्षणाला तुझा ब्रश टेकायचा. मी ते कित्येकदा करून पाहिलं. माझा क्षण दर वेळी आधी तरी यायचा, नाही तर नंतर.

पावसाळ्यात कागद वाळायचेच नाहीत. पुढे तुझं लग्न झाल्यावर सुलभा वहिनी तुझं चित्र गरम तव्यावर दोन हातांनी उंच धरून उभ्या राहायच्या. “आधी चित्र की आधी भाकऱ्या, ते एकदा ठरवा,” असं म्हणायच्या. एका जयगडच्या चित्राला कोपऱ्यात तव्याचा डाग पडला, तर तू म्हणालास, बंदराचा धूर आहे. विकलंस की रे ते, त्या धुरासकट.

आपला वाद मात्र पहिल्या रविवारपासूनचा. मी म्हणायचो, पाण्यात होडी हवी. होडीशिवाय पाणी म्हणजे नुसता निळा कागद, बघणाऱ्याची नजर कुठे टेकणार? तू म्हणायचास, “नजर कशाला टेकायला हवी? पाण्यावर कोण टेकतं?” तुझं गाव लांज्याकडचं. आपल्या भाट्याला येऊन मिळते तीच काजळी नदी तुमच्या गावावरून येते, पण तिथे ती गुडघाभर. “आमच्या नदीत होडी कुठली, म्हैस बसली तर पाणी अडतं,” असं तू सांगायचास. तू लहानपणी पाणी पाहिलंस ते तळ दिसणारं, दगडावरून ऊन घेऊन पळणारं. तुला पाणी म्हणजे उजेड.

मला पाणी म्हणजे काय, ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुला बाहेरून कळलं असणार, रत्नागिरी केवढीशी. माझे वडील मालाच्या मचव्यावर खलाशी होते. एका हंगामात बाकीचे मचवे आले, तो आला नाही. आई संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहायची आणि परत आली की आम्ही तिच्या तोंडाकडे बघायचो. खाडीत काही दिसलं का, हे विचारायची सोय नव्हती. पाणी रिकामं असलं की आमच्या घरात कोणी बोलायचं नाही.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. वादात मी तुला नजर टेकण्याचं कारण देत होतो आणि खरं कारण दुसरंच होतं, एवढंच.

*

आता ते.

मुंबईच्या प्रदर्शनाला आपण दोघांनी चित्रं पाठवायची ठरवलं होतं. तू ‘ओहोटी’ काढलंस, खाडी रिती होत चाललेली, दोन्ही काठांना ओला चिखल उघडा पडलेला आणि मधोमध कललेलं ऊन. सही केलीस आणि चित्र माझ्याकडे ठेवून गावाला गेलास, वडील आजारी होते तुझे. “माउंट करून तुझ्याबरोबर पार्सल कर,” म्हणालास.

मी ते टेबलावर घेतलं. चित्राच्या मध्यावर, पाण्यात, अंगठ्याएवढी जागा कोरी होती. नुसता पांढरा कागद. जलरंगात पांढरा रंग नसतो, पांढरं हवं तर कागद सोडायचा असतो, हे मी वर्गात शंभरदा शिकवलेलं. तरी मला ते दिसलं नाही. मला दिसली ती राहून गेलेली जागा. वाटलं, वडिलांच्या घाईत याचं इथे अर्धवट राहिलं. परीक्षक म्हणतील, चित्र अपुरं आहे.

आम्हा चित्रकलेच्या मास्तरांच्या हाताला एक खोड असते. वर्गात फिरताना मुलाच्या हातातला ब्रश घ्यायचा, “असं नाही रे, असं,” म्हणायचं आणि दोन फटकारे मारून त्याचं चित्र सुधारून द्यायचं. मूल बघत राहतं. चित्र चांगलं होतं आणि त्याचं उरत नाही. हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. त्या दिवशी मी शाळेतून नुकताच आलो होतो, हात त्याच वळणात होता. बाजूला शाळेचा पोस्टर कलर होता, शेंदरी लाल. मी त्या कोऱ्या जागेवर एक नांगरलेली होडी काढली. दोर काढला. खाली थोडी लाल सावली ओढली. चहा निवायच्या आत झालं. आणि मला बरं वाटलं, दिगू. पाण्यात कोणी तरी आहे, असं वाटलं.

बक्षीस तुझ्या चित्राला मिळालं. माझ्या चित्राकडे कोणी पाहिलं नाही.

आपण दोघं मुंबईला गेलो. दालनात तुझ्या चित्रापुढे गर्दी होती. एक बाई म्हणत होत्या, “त्या एका लाल होडीने सगळं चित्र पेललंय.” तू पुढे झालास. चित्र पाहिलंस. मी तुझ्या बाजूला उभा होतो, तुझा कान तेवढा मला दिसत होता. तो लाल झाला, कोणी पिळल्यासारखा. कोणी तरी तुझा हात हातात घेतला, अभिनंदन केलं, विचारलं, ही होडी कशी सुचली? तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. रागाने नाही. ओळखीचा माणूस गर्दीत दिसतो आणि तोच का ते नक्की होत नाही, तसं पाहिलंस. मग त्या गृहस्थांना म्हणालास, “सुचली नाय, आली.” आणि मला म्हणालास, “शरद, चहा पिऊया.”

चहा प्यायलो. तू बिस्किट बुडवलंस, ते तुटून पडलं, तू चमच्याने काढलंस. मी वाट बघत होतो की आता विचारशील. तू विचारलंस, “परतीची गाडी किती वाजता आहे?”

तेव्हा सांगायला हवं होतं. तिथे, त्या टेबलावर. परीक्षकांना सांगितलं असतं तर बक्षीस गेलं असतं. पण तुला बक्षिसाचं काय होतं? मी म्हणजे तुझा मोठा मित्र, गावात ‘सर’. माझी अब्रू गेली असती. ती तू वाचवलीस आणि मी वाचवू दिली.

*

पुढे सगळ्यांना ती होडीच हवी झाली. हॉटेलवाले आले, बँकवाले आले. “दिगंबरराव, अशीच एक, जरा मोठी.” लग्नपत्रिकेवरसुद्धा लोक ती मागायचे, तू म्हणायचास, “लग्नात होडी कशाला, बुडवायची आहे काय?” आणि गणपती छापून द्यायचास. तू कोणाला होडी काढून दिली नाहीस. एकदाही नाही. लोक म्हणाले, माजला. मग म्हणाले, संपला.

आणि मग एका मासिकाने मला तुझ्यावर लेख मागितला. मी वाक्य लिहिलं. चित्रकाराच्या आयुष्यात अशी होडी एकदाच येते, दिगंबरला ती पुन्हा जमली नाही. का लिहिलं? मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो की ते असंच कागदावर उतरलं. तसं नव्हतं. तुझ्या नावावर सगळीकडे माझी होडी मिरवत होती आणि मला कोणी विचारत नव्हतं. मला तिचं कौतुक हवं होतं. तुझ्या खांद्यावर उभं राहून मी माझ्याच होडीला दाद दिली, आणि दाद द्यायला तुला खाली ढकललं.

अंक आला त्या रविवारी तू खाडीवर आलास. मी धास्तावलो होतो. तू हात पाण्यात घातलास, बसून राहिलास. सुकती लागली होती, पाणी उतरत होतं. समोर नांगरलेल्या होड्या सगळ्या एकाच दिशेने वळून उभ्या होत्या. तू म्हणालास, “बघ शरद, ओहोटीला सगळ्या तोंड आत करून उभ्या राहतात. गावाकडे. पाणी बाहेर ओढतं आणि नांगर धरून ठेवतो, म्हणून. संध्याकाळी गुरं गोठ्याकडे तोंड करतात तशा.”

मी होड्यांकडे पाहिलं. माझी होडी ओहोटीच्या चित्रात समुद्राकडे तोंड करून उभी आहे. नांगर टाकलेला, दोर ताणलेला आणि तोंड उलटं. मी खलाशाचा मुलगा, जन्म खाडीवर गेलेला, आणि ही चूक मी केली. म्हैस बसली तर अडणाऱ्या नदीवरच्या माणसाने ती पाहिली होती, पहिल्या दिवशीच पाहिली असणार. त्या एका वाक्यात तू मला सांगितलंस की तुला सगळं ठाऊक आहे. दारही उघडून दिलंस. मी म्हणालो, “वारा वाढलाय. कागद उडेल तुझा.”

तू कागदावर दगड ठेवलास.

*

परवा मी तुझ्या घरी गेलो. दुपारी. झोप येतच नाही, तर म्हटलं आता जाऊ. वहिनी मागल्या पडवीत बसल्या होत्या. मी चप्पल न काढताच म्हणालो, “वहिनी, मला एक सांगायचं आहे. त्या चित्रातली होडी...”

“बसा आधी,” त्या म्हणाल्या. “पाणी आणते.”

“नको. आधी ऐका. ती होडी दिगूने...”

“तुम्ही काढलीत. ठाऊक आहे, भाऊजी. लग्न झालं तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी. शपथ घातली होती मला, शरदला कळू देऊ नको म्हणून. नाही तर तुम्हाला मी चहा दिला असता एवढी वर्षं?”

मी चपला काढल्या आणि पायरीवर बसलो. मी विचारलं, “रागावला होता?”

“होडीवरून? नाही. मीच रागावायची. मला म्हणाले, त्याला रिकामं पाणी बघवत नाय. काढली तर काढली.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही ते लिहिलंत ना मात्र, पुन्हा जमली नाही म्हणून. ते लागलं. त्या दिवशी जेवले नाहीत. मी वाढलेलं ताट झाकून ठेवलं, ते सकाळी गाईला घातलं.”

तुला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं, असं मी इतके दिवस समजत होतो. आता कळलं की तुला राग आला होता आणि त्याने मला काही बरं वाटलं नाही.

मी म्हटलं, “वहिनी, मी ते सगळं लिहितो. स्मारक थांबवतो. तुम्ही म्हणाल तर होडी धुऊन काढायचा प्रयत्न करतो. वरचा रंग आहे, ओल्या स्पंजने उचलता येतो. पण खाली लाल मुरला असेल. पांढरं नाही मिळणार परत. गुलाबी डाग राहील.”

“त्याला हात लावू नका,” त्या म्हणाल्या. इतक्या पटकन, की मी चमकलो. “एकदा लावलात तेवढं पुरे. किती वाजले? या आत.”

खोलीत सगळं तसंच. खिडकीला लागून तुझी वेताची खुर्ची, समोरच्या भिंतीला माझा दिवाण. माझा म्हणजे तू मला जिथे बसवायचास तो. मी एक-दोनदा खुर्चीकडे वळलो तर तू अंगावर यायचास, “ए, ती माझी जागा. तू तिथे.” मी दिवाणावर बसलो की वर, त्याच भिंतीवर, जवळजवळ छताला टेकून ‘ओहोटी’, आणि मान वर केली की होडी. मी तुला किती बोललो असेन त्या टांगण्यावरून. एवढं उंच का, मागे लाकडाचा गुटका घालून पुढे कशाला कलवलंस, पडेल कोणाच्या डोक्यात, आणि काच तरी न चमकणारी घाल. तू म्हणायचास, “असूंदे. तू दुपारचा ये.”

वहिनींनी खिडकी पूर्ण उघडली. बाहेर परसात तुमचा कपडे धुवायचा हौद, अर्ध्यावर आलेला. “हे गेल्यापासून भरलाच नाही कोणी,” त्या म्हणाल्या. “दुपारी तो काठोकाठ लागायचा त्यांना. मी म्हणायची, दोन माणसांचे कपडे, एवढं पाणी कशाला? तर म्हणायचे, माझं चित्र दुपार कलली की येतं.” त्यांनी बाहेर जाऊन पंप सुरू केला. मी दिवाणाकडे वळलो.

“तिथे नाही,” खिडकीतून त्यांचा आवाज आला. “खुर्चीत बसा.”

दिगू, मी तुझ्या खुर्चीत बसलो. आधी काही नव्हतं. चित्र, होडी, माझी. मग हौद भरत गेला, बाहेर पाण्यावर ऊन पडलेलं होतं, ते खिडकीतून वर उसळलं, तुझ्या त्या कललेल्या काचेवर गेलं आणि तिथून खाली माझ्या डोळ्यांत आलं. चित्राच्या मध्यावर, अंगठ्याएवढं. थरथरत. होडी गेली. होडीच्या जागी पांढरं होतं, तू सोडलं होतंस ते, आणि त्याच्याभोवती सगळी खाडी हलायला लागली. मी ते चित्र माझ्या टेबलावर घेतलं होतं, माउंट केलं होतं, त्याला बक्षीस मिळताना पाहिलं होतं. मी ते पहिल्यांदा पाहत होतो.

पाणी रिकामं होतं आणि मला त्याची भीती वाटली नाही.

मी जरा डावीकडे कललो, होडी आली. सरळ बसलो, गेली. तू इतकी वर्षं रोज दुपारी इथे येऊन बसत होतास आणि मला दिवाणावर बसवत होतास. मला ती दिसत राहावी म्हणून, की तुझ्या जागेवरून मला हे दिसलं तर मी मोडून पडेन म्हणून? आणि तरी दुपारचा ये, दुपारचा ये म्हणत होतास. मी झोपत होतो.

समितीला माझी विनंती आहे की पुलाच्या तोंडाशी होडी उभारू नये. उभारायचंच असेल तर खाडीकडे तोंड करून एक बाक ठेवावं आणि त्याच्यासमोर काही ठेवू नये.

वहिनींनी पंप बंद केला. पाणी स्थिरावलं, पांढरं थरथरायचं थांबलं आणि काही वेळ तसंच उभं राहिलं. मग ऊन सरकलं. होडी एका कडेने बाहेर यायला लागली. आधी दोर, मग काठ, मग सगळी, लाल, तोंड समुद्राकडे करून. मी तुझ्या खुर्चीतून उठलो आणि दिवाणावर, माझ्या जागी, जाऊन बसलो.